वेष्टनं पुन्हा छापा!

मित्रांनो, मी एक जुनी छपाईची मशीन आहे. माझ्या जातीला ट्रेडल म्हणतात. एका बाजूला मोठं चाक, खाली पायटा आणि मध्ये लोखंडाचे दोन जबडे. पायट्यावर पाय पडला की चाक फिरतं, जबडे मिटतात आणि कागदावर अक्षरं उमटतात. मला वीज लागत नाही. माणसाचा एक पाय लागतो, आणि त्या पायात थोडा दम लागतो.

जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला लागल्या की शेवटी डोळ्यांत पाणी आणतात, असा तुमचा अनुभव असेल. धूळ, गंज, अडगळ आणि मग एक लांब उसासा. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मला राग आलेला आहे, आणि तो कशाचा आलाय ते मी सरळ सांगणार आहे.

माझा जन्म ओतकामाच्या भट्टीत झाला. लोखंड वितळवून साच्यात ओतलं, थंड झाल्यावर कानशीनं घासलं आणि माझ्या छातीवर कारखान्याचं नाव उठवलं. ते नाव आता झिजलं. कारखानाही उरला नाही. तिथून मी एका अरुंद गल्लीतल्या छापखान्यात गेले. लग्नपत्रिका, पावत्या, 'हरवला आहे', 'सापडला आहे', सगळं मी छापलं. एका नवऱ्या मुलीचं नाव चुकून तिच्या सासूच्या जागी छापलं गेलं होतं, तेव्हा दोन्हीकडचे वऱ्हाडी छापखान्यात येऊन भांडले होते. ते दिवस मजेचे होते.

त्या छापखान्यात एक जुळारी होता. शिशाची एकेक अक्षरं असतात, त्यांना खिळे म्हणतात. ते चिमटीत धरून ओळ जुळवायची, ती उलटी वाचायची, चौकटीत घट्ट आवळायची आणि माझ्या जबड्यात बसवायची, हे त्याचं काम. सगळे त्याला भाऊ म्हणत. आयुष्यभर उलटं वाचून वाचून ह्या माणसाला सुलट काही समजेनासं झालंय, असं त्याची बायको म्हणायची.

मग संगणक आले आणि छापखाना बंद पडला. भाऊ घरी बसला. मला फोडून भंगारात न्यायला एक भंगारवाला हातोडा घेऊन आला. तेवढ्यात भाऊची थोरली बहीण दारात उभी राहिली.

"हातोडा खाली ठेवा," ती म्हणाली.

"हिचं काय करणार, ताई? हिच्यावर कपडे वाळत घालणार?"

"ते मी बघते. तुम्ही उचलायला हात लावा."

अशी मी वाचले. ताईचा साबणाचा लहानसा कारखाना होता. तिला वेष्टनं हवी होती आणि भावाला काम हवं होतं. एका दगडात तिनं दोन पक्षी मारले, आणि मला विचाराल तर तिसरा पक्षी मी.

कारखाना म्हणजे तीन खोल्या. पहिलीत तेलाची पिंपं, भट्टी आणि ढवळायचं मोठं पातेलं. दुसरीत भिंतभर लाकडी फळ्या. तिसरीत मी, खिळ्यांचे खण आणि साबण गुंडाळायचं टेबल. टेबलाशी भाऊची बायको बसायची. तिला सगळे वहिनी म्हणायचे, म्हणून मीही वहिनीच म्हणते. मधली दारं कधी लावलेली नसत, त्यामुळे मला बरंच दिसायचं आणि त्याहून जास्त ऐकू यायचं.

ताईचा साबण खोबरेल आणि एरंडेलाचा. मोठ्या साच्यात ओतायचा, घट्ट झाला की तारेनं कापून वड्या करायच्या आणि फळीवर मुरत ठेवायच्या. ताज्या साबणात पाणी असतं. ते हळूहळू उडून जातं. मग वडी कडक होते, अंगाला मऊ लागते आणि दोन आंघोळींत विरघळून जात नाही. ताईची जुनी गिऱ्हाइकं हे ओळखून होती. दुकानात जाऊन ती म्हणायची, "मागच्या फळीवरचा द्या हो, जुना."

दुकानदार ताईला चिडवायचा. "जग ताजं मागतं, तुमची गिऱ्हाइकं शिळं मागतात!"

"साबण आहे तो, भाजी नाही," ताई म्हणायची.

हातानं कापलेल्या वड्या एकसारख्या होत नाहीत. एक सत्त्याण्णव ग्रॅमची, तर शेजारची एकशे तीनची. भाऊ म्हणाला होता, "सरासरी शंभर छापून टाकू की."

"आणि ज्याला सत्त्याण्णवची मिळाली त्यानं काय सरासरीनं आंघोळ करायची?" ताईनं विचारलं.

तेव्हापासून 'वजन' हा शब्द मी छापायचे आणि पुढे थोडी जागा कोरी सोडायचे. वहिनी प्रत्येक वडी काट्यावर ठेवायची आणि त्या कोऱ्या जागेत पेनानं आकडा लिहायची. असं वजन लिहिणारा कारखाना आसपास दुसरा नव्हता. लोक ती वेष्टनं फेकत नसत. कपाटात कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवत, वासासाठी. एका बाईनं तर वेष्टनांची वहीच केली होती. मला कुणी माझ्या तोंडावर चांगलं म्हटलं नाही, पण माझी अक्षरं लोकांच्या कपाटात होती. मशीनला आणखी काय हवं?

आता नियमांकडे येते. आधी एक गोष्ट कबूल करते, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारीला कुठलाच नियम नको. एकदा एक बाई कडेवर तान्हं बाळ घेऊन आली. बाळाच्या अंगावर लाल चट्टे होते. "ह्या साबणात काय काय आहे?" तिनं विचारलं. ताईनं सगळं सांगितलं. "मग हे वर लिहिलेलं का नाही?" पुढे बाळाचे चट्टे दुसऱ्याच कशानं आले होते असं कळलं, पण ताईला तो प्रश्न लागला. काही दिवसांनी सरकारचा नियम आला की आत काय आहे ते वर छापलंच पाहिजे. ताई म्हणाली, "बरं झालं." मीही म्हटलं, बरं झालं. साबण कधी केला त्याची तारीख छापा, असा दुसरा नियम आला. तोही रास्त होता. ज्याच्या अंगाला लागायचं त्याला कळलं पाहिजे.

पण मित्रांनो, नियम करणाऱ्यांना एकदा चटक लागली की थांबवत नाही.

अक्षरांची उंची दोन मिलिमीटर हवी, असा फतवा निघाला. आमची होती त्याहून किंचित कमी. छापून ठेवलेल्या वेष्टनांचा ढीग खोलीत होता. त्यावरचा एकही शब्द खोटा नव्हता, फक्त बुटका होता. सगळा ढीग रद्द. भाऊनं मोठे खिळे जमवले आणि मी पुन्हा छापायला लागले. तो ढीग निम्मा होतो न होतो तोच नवं पत्रक आलं. आता घटकांची शास्त्रीय नावं छापा. खोबरेलाला खोबरेल म्हणायची सोय राहिली नाही. जी नावं वहिनीला वाचता येत नव्हती आणि गिऱ्हाइकाला कळत नव्हती, ती गिऱ्हाइकाच्या भल्यासाठी छापायची होती. छापली. मग त्या नावांभोवती काळी चौकट हवी. भाऊनं पितळेच्या पट्ट्या कापून चौकट बसवली, कोपरे असे जुळवले की फट शोधून सापडू नये. पुढच्या पत्रकात चौकट रद्द.

"ताई," भाऊ म्हणाला, "हे लोक मुद्दाम करतात का गं?"

"मुद्दाम करायला आपण आहोत हे ठाऊक तरी पाहिजे," ताई म्हणाली.

मला वाटतं, तिनं नेमकं दुखणं सांगितलं. मोठ्या कंपनीत नियम वाचायला एक माणूस असतो आणि त्याच्या हाताखाली आणखी दोघे. वेष्टन बदलायचं म्हणजे तिथे कुणीतरी पडद्यावर बोट फिरवतो. आमच्याकडे पत्रकं वाचणारी, साबण ढवळणारी, खोकी दुकानात पोचवणारी आणि तक्रार ऐकणारी बाई एकच. नियम दोघांना सारखाच आहे, असं साहेब लोक मोठ्या अभिमानानं सांगतात. हत्तीच्या पाठीवर ठेवलेलं ओझं शेळीच्या पाठीवरही तेवढंच ठेवलं, की त्याला हे न्याय म्हणतात.

आमच्या समोर एक मेणबत्तीवाला होता. रंगीत, सुगंधी, हातानं ओतलेल्या मेणबत्त्या करायचा. तिसऱ्यांदा वेष्टनं बदलायची वेळ आली तेव्हा तो ताईकडे आला आणि दारातच उभा राहिला.

"ताई, मला मेण वितळवता येतं. ही पत्रकं वितळवता येत नाहीत."

"एवढ्यात हात टेकलेत?"

"टेकले. तुमचा भाऊ छापून तरी देतो. मला दर वेळी बाहेरून छापून घ्यावं लागतं, आणि छापणारा म्हणतो, हजारांच्या खाली छापत नाही. माझ्या वर्षाच्या मेणबत्त्या हजार नाहीत."

दुसऱ्या दिवशी त्याच्या दाराला कुलूप होतं. त्या दिवशी ताई दुपारी जेवली नाही.

आणि मग वजनाचा नियम आला. ज्यानं आमचा गळा धरला तो हाच. आधी गुंडाळताना जे वजन भरेल ते लिहायचं होतं. आता नियम असा झाला की माल गिऱ्हाइकाच्या हातात पडेल तेव्हा वर लिहिल्याएवढा भरला पाहिजे. तीन टक्क्यांहून जास्त घट चालणार नाही. तेवढ्याहून जास्त वाढही चालणार नाही.

ताईनं पत्रक मोठ्यानं वाचलं. भाऊ हसला. "ह्याची भीती आपल्याला कशाला? आपण तर एकेक वडी तोलून लिहितो."

"खरंच की," वहिनी म्हणाली.

ताईनंही मान हलवली. जन्मभर साबण मुरवणाऱ्या ह्या तिघांना त्या क्षणी सुचलं नाही की वडी गुंडाळल्यावरही वाळतच राहते. आकडा गुंडाळायच्या दिवशी बरोबर असतो, आणि मागच्या फळीवर बसून बसून खोटा होतो. इतकं चोख लिहिणाऱ्या माणसांचीच अशी फसगत होऊ शकते. 'सुमारे शंभर' म्हणणारा माणूस आधीच सावध असतो.

एक दिवस दुकानदार साबणाचं खोकं परत घेऊन आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"तपासनीस आले होते. मागच्या फळीवरच्या वड्या तोलल्या. एकही भरली नाही. विक्री बंद म्हणालेत. मी तरी काय करू, ताई?"

मागोमाग नोटीस आली. वजनाचा खुलासा होईपर्यंत विक्री बंद. पुढच्या तपासणीतही माल कमी भरला, तर कारखान्याचा परवाना रद्द. मित्रांनो, परवाना रद्द म्हणजे तीन खोल्यांना कुलूप. ताईची भट्टी विझणार, वहिनीचं टेबल जाणार, भाऊ पुन्हा घरी बसणार. आणि मी? माझ्याकडे हातोडा परत यायला कितीसा उशीर?

दोन दिवसांनी तपासनीस स्वतः कारखान्यात आले. धिप्पाड, घामाघूम, हातात लहानसा वजनकाटा असलेली पिशवी. वहिनीनं पाण्याचा पेला पुढे केला. ताईनं खुर्चीही दिली नाही.

"साहेब, मी लोकांना लुबाडते असं लिहिलंय तुम्ही."

"लुबाडता असं नाही लिहिलं. वजन कमी भरलं असं लिहिलंय."

"माझा साबण वाळतो. त्यातलं पाणी उडतं. साबण कमी झालेला नाही, पाणी कमी झालंय!"

"ते मला पटतं, ताई. पण मला एक सांगा." तपासनिसांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. "तुमच्यासारखाच साबण करणारा दुसरा कुणी कापतानाच हात आखडता घेतो. तोही मला म्हणतो, वाळलं हो साहेब. दुकानात उभ्या असलेल्या माणसानं तुमची वडी आणि त्याची वडी ओळखायची कशी?"

मला ते उत्तर आवडलं नाही, पण ते खोटं नव्हतं.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी," भाऊ पुटपुटला.

"संन्याशानं तसं सिद्ध करावं," तपासनीस म्हणाले. "नियम मी लिहीत नाही. मी तोलतो."

"मग लिहिणाऱ्याला घेऊन या एकदा," ताई म्हणाली. "ह्या फळीसमोर उभा करा त्याला."

तपासनीस हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. "तसं लिहून द्या," एवढंच म्हणून ते गेले.

त्यानंतर एक सल्लागार आला. असे सल्लागार नियमाच्या मागोमाग येतात, गुळामागून मुंगळे येतात तसे. चकचकीत बूट, तोंडात साखर. त्यानं फळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे तर असं पाहिलं की जणू मी आताच्या आता कोसळणार आहे.

"सोपं आहे, मॅडम. वडी कापली की लगेच प्लास्टिकमध्ये सील करा. पाणी उडणारच नाही. वजन तेच राहील. हे जुनं धूड काढून टाका, छापील प्लास्टिक मी मागवून देतो."

"साबण मुरणार कसा?"

"मुरायची गरजच काय? गिऱ्हाइकाला कुठे कळतंय?"

"पाणी साबणाच्या भावानं विकायचं आणि वजन बरोबर भरतं म्हणून छाती काढायची," ताई म्हणाली. "बाहेरचा रस्ता त्या बाजूला आहे."

तो गेल्यावर वहिनी म्हणाली, "वन्सं, रागावू नका, पण सगळ्यावर नव्वद लिहून मोकळ्या होऊ या ना. कमी भरायचा प्रश्नच नाही."

"वाचलं नाहीस का? तीन टक्क्यांहून जास्त भरला तरी चुकलं. कुठली वडी दुकानात कधी विकली जाईल मला काय ठाऊक? आज नव्वद लिहिलं तर पहिल्या आठवड्यात जास्तीत धरतील."

"म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर."

ताई मुरायच्या फळ्यांसमोर जाऊन उभी राहिली. मग तिनं एक वडी उचलली, काट्यावर ठेवली आणि परत फळीवर ठेवली.

"साबण वाळायचा कधीतरी थांबत असेल ना?" ती म्हणाली.

भाऊनं मान वर केली.

"पाणी संपलं की थांबणारच. तिथवर आपण थांबायचं. ह्या फळीवरची एकही वडी बाहेर जाणार नाही. वजन उतरायचं थांबलं की तेव्हा तोलायचं, तेव्हा लिहायचं."

"अगं, त्याला किती दिवस लागतील?"

"मला काय ठाऊक? आजवर इतका धीर कुणी धरलाय?"

"तोवर खायचं काय?"

"तोवर दुसरं काम करायचं. हात आहेत ना?"

असं ठरलं. सांगायला हे सोपं आहे. फळ्या भरलेल्या, दुकानं रिकामी आणि तीन माणसं वाट बघतायत. वहिनीनं शिवणकाम घरी आणलं. भाऊ एका दुकानात पोस्टर चिकटवायला जायला लागला. ज्या माणसानं आयुष्यभर अक्षरं जुळवली, त्यानं दुसऱ्याची अक्षरं भिंतीला चिकटवली. तो संध्याकाळी यायचा तेव्हा त्याच्या बाहीला खळ लागलेली असायची, आणि तरी तो माझ्या सांध्यांत तेल घातल्याशिवाय घरी जायचा नाही. मी उभी राहून राहून आखडू नये म्हणून रिकामं चाक चार वेळा फिरवायचा. त्या दिवसांत मला कामाची भूक म्हणजे काय ते कळलं.

दर सोमवारी तिघं काट्याभोवती जमायची. वहिनी खूण करून ठेवलेल्या त्याच वड्या दर वेळी तोलायची.

"उतरलं."

पुढच्या सोमवारी पुन्हा, "उतरलं."

"अगं बाई, हा साबण आहे की उपवासाला बसलेला बैरागी?" भाऊ एकदा म्हणाला, आणि तिघंही खूप दिवसांनी हसली.

पण ताई नुसती वाट बघत बसणारी बाई नव्हती. ती सकाळी निघायची आणि गल्ल्यागल्ल्यांतून फिरायची. उदबत्तीवाली, बूटपॉलिश बनवून विकणारे म्हातारे आजोबा, मधवाला, आणि कुलूप लावून बसलेला तो मेणबत्तीवालासुद्धा. एके दुपारी ती सगळी माझ्या खोलीत येऊन बसली. बसायला जागा नव्हती, तेव्हा काही जण खोक्यांवर बसले, आणि पॉलिशवाले आजोबा माझ्या पायट्यावर.

सुरुवातीला सगळे एकदम बोलले. प्रत्येकाचं रडगाणं वेगळं. कुणाची अक्षरं बुटकी, कुणाच्या बाटलीला लेबलाएवढी जागाच नाही. मधवाला म्हणाला, "माझी बाटली अंगठ्याएवढी. तिच्यावर जेवढं लिहायला सांगतात तेवढं लिहिलं तर मध दिसायचाच नाही."

ताईनं टेबलावर हात आपटला.

"नियम नकोत, असं कुणी म्हणणार असेल तर त्यानं आत्ताच घरी जावं. सरकारला तसलं पत्र जाणार असेल तर त्यावर माझी सही नसेल."

"मग मागायचं काय?" उदबत्तीवालीनं विचारलं.

"दोनच गोष्टी. वेष्टनाचे जे काय बदल करायचे ते वर्षातून एकदा, एका ठरलेल्या तारखेला करा. आणि खोटं नसलेलं जुनं वेष्टन संपेपर्यंत वापरू द्या. बस."

"एवढंच?" मेणबत्तीवाला म्हणाला.

"एवढंच. जास्त मागितलं की त्यांना नाही म्हणायला सोपं जातं."

त्या संध्याकाळी मी कितीतरी दिवसांनी काम केलं. भाऊनं मजकूर जुळवला आणि आम्ही ते पत्र आमच्याच रद्द वेष्टनांच्या कोऱ्या पाठीवर छापलं. ज्यांना ते मिळणार होतं त्यांनी कागद उलटा केला तर मागे बुटक्या अक्षरांतला, चौकटीतला, बिनचौकटीतला साबण त्यांना दिसणार होता. पॉलिशवाले आजोबा स्वतः पायटा मारायला उभे राहिले. चार फेऱ्यांत त्यांना धाप लागली, पण उतरायला तयार होईनात. "बूट चमकवून चमकवून कंबर गेली," म्हणाले, "पाय अजून शाबूत आहेत." पत्रं गेली. ज्या कचेरीत जायला हवीत तिथे गेली, वर्तमानपत्रांत गेली, नियमांच्या समितीवर बसणाऱ्या प्रत्येकाच्या नावानं गेली.

उत्तर आलं नाही. पुढच्या सोमवारी मात्र वहिनी वडी काट्यावर ठेवून बराच वेळ आकड्याकडे बघत राहिली.

"वन्सं, हे बघा."

मागच्या सोमवारचाच आकडा होता. त्याच्या पुढच्या सोमवारीही तोच. ताईनं वडी हातात घेतली, टेबलावर आपटली, टक् असा लाकडासारखा आवाज आला.

"थांबला," ती म्हणाली. "भाऊ, पाणी थांबलं!"

मग काय विचारता! एकेक वडी तोलली, लिहिली, गुंडाळली. मी तीन दिवस छापत होते आणि भाऊच्या पोटरीला गोळे येत होते. नव्या वेष्टनावर एक ओळ जास्त होती: 'पूर्ण वाळल्यानंतर तोललेला.' माल दुकानात गेला, विकायला नव्हे, तपासायला, आणि मुद्दाम मागच्या फळीवर ठेवला. तपासनिसांना ताईनं स्वतः निरोप पाठवला की या आणि तोला.

ते लगेच आले नाहीत. बरेच दिवस गेले. प्रत्येक दिवशी ताई दारात येणाऱ्या पावलांकडे बघायची आणि पुन्हा ढवळायला लागायची. शेवटी एका सकाळी ते आले, तेही सरळ दुकानातून. त्यांच्या पिशवीत आमच्याच वड्या होत्या. ताईसमोर त्यांनी त्या पुन्हा तोलल्या, पहिली, दुसरी, मग सगळ्या. वहिनीनं डोळेच मिटले होते.

"भरल्या," तपासनीस म्हणाले. "नोटीस मागे घेतो, तसं लिहून देतो. विक्री सुरू करा."

ताईनं आज मात्र खुर्ची पुढे केली.

"आणि आमच्या पत्राचं काय झालं, साहेब?"

"ते वर पोचलंय. एवढंच ऐकलं की बैठकीत कुणीतरी विचारलं, ह्या लोकांनी चांगला कागद का वापरला नाही."

"मग कुणी सांगितलं का त्यांना?"

"मी त्या बैठकीला नसतो, ताई." त्यांनी काटा पिशवीत ठेवला. "एक ऐकून ठेवा. पुढच्या वर्षी वेष्टनावर तो काळा चौकोनी कोड येणार आहे. फोननं वाचायचा. अजून नक्की नाही, पण येणार."

ते गेल्यावर भाऊनं माझ्याकडे पाहिलं. तो कोड म्हणजे बारीक बारीक ठिपक्यांची रांगोळी. तो शिशाच्या खिळ्यांनी जुळत नाही, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

"धातूचा ठसा करून घेऊ," तो म्हणाला.

"आणि दर खेपेला कोड बदलला तर?" वहिनीनं विचारलं.

"तर दर खेपेला ठसा," ताई म्हणाली. "आणि दर महिन्याला तेच पत्र. कोण आधी दमतं बघू."

मेणबत्तीवाल्यानं मात्र कुलूप उघडलं नाही. तो आता एका गोदामात खोकी मोजतो. पत्राच्या दिवशी तेवढा येतो आणि सही करून जातो. त्याच्या बंद दुकानाची जबाबदारी कुठल्याच पत्रकात छापलेली नाही, कितीही मिलिमीटरच्या अक्षरांत शोधा.

मित्रांनो, आता माझ्यासारख्या जुन्या वस्तूनं म्हणायचं असतं की आम्हाला जपा. मला जपू नका. मी लोखंड आहे, मला रोज चार थेंब तेल पुरतं. जपायचं असेल तर हातानं माल करणाऱ्या माणसांना जपा. वस्तू विकत घेताना वेष्टन वाचा, काही कळलं नाही तर विचारा, खोटं लिहिलं असेल तर भांडा. ताईनं कधी त्याला ना म्हटलं नाही. आणि तुमच्यातलं कुणीतरी मोठं होऊन त्या टेबलाशी बसणार आहे जिथे हे नियम लिहितात. बसा, खुशाल बसा. पण सही करण्याआधी उठून एकदा कुणाच्या तरी कारखान्यात जा, आणि छापून झालेल्या वेष्टनांचा ढीग हातानं उचलून बघा. त्याचं वजन तुम्हाला कुठल्याही काट्यावर दिसणार नाही. ते खांद्याला कळतं.

आमच्या पत्राला अजून उत्तर आलेलं नाही. आज महिन्याचा पहिला दिवस आहे. भाऊनं मजकूर आवळलाय, शाईचा रूळ फिरवलाय आणि पायट्यावर पाय ठेवलाय. बोटं मागे घ्या, मित्रांनो. माझे जबडे मिटतायत.